शून्याची रेघ

दादा मिलिंग मशीन चालवतो आणि मी रेघा बघते. काय काम करता असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. समोरचा माणूस बहुधा मान हलवतो आणि दुसरा विषय काढतो.

काम तसं साधं आहे. मशीनच्या टेबलावर लोखंडाचा तुकडा पकडायला व्हाइस लागतो. हा व्हाइस आपल्या बैठकीवर गोल फिरतो. बैठकीच्या कडेने अंश कोरलेले असतात आणि वरच्या अंगावर एकच रेघ असते. ती रेघ शून्यासमोर आली की व्हाइसचा जबडा टेबलाच्या चालीशी सरळ असायला हवा. पण पडापडीत, दुरुस्तीत, वर्षानुवर्षांच्या ठोकाठोकीत रेघ एकीकडे जाते आणि जबडा दुसरीकडे. मग तो माझ्याकडे येतो. मी बारीकसा फरकही काट्याने दाखवणारं डायल गेज लावते, त्याचं टोक जबड्यावर टेकवते, टेबल पुढेमागे सरकवते, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत व्हाइसला रबरी हातोडीने समजावत राहते. काटा थांबला की जबडा सरळ. मग खाली वाकून रेघ बघायची. शून्यावर नसेल तर जुनी घासून काढायची आणि नवी मारायची. फिरती टेबलं, ड्रिल मशीनची तिरपी होणारी टेबलं, लेथचे टेलस्टॉक, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच.

आमचं दुकान एका बोळात आहे. दोन्ही बाजूंना अशीच दुकानं, पत्र्याची छपरं, दिवसभर कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा वास. मागच्या जिन्याने वर गेलं की घर. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. वडील गेल्यावर मशीन दादाकडे आलं आणि डायल गेज माझ्याकडे, अशी आमची वाटणी झाली, असं दादा सगळ्यांना सांगतो. शेजारचा ग्राइंडिंगवाला मला 'काटा' म्हणतो. वहिनीचं म्हणणं असं, की हिला जेवायला वाढताना ताट सरळ ठेवावं लागतं, नाहीतर ही आधी ताट फिरवते आणि मग घास घेते. ते खरं आहे.

एके दिवशी साठीच्या पुढच्या एक बाई एक व्हाइस घेऊन आल्या. हातगाडीवाल्याने तो उचलून माझ्या बाकावर ठेवला आणि तो गेला तरी बाई दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान टूलमेकर होते, घरच्या घरी बारीक कामं करायचे, काही महिन्यांपूर्वी गेले. त्यांची सगळी हत्यारं एका माणसाने विकत घेतली, फक्त हा व्हाइस त्याने परत पाठवला. रेघ चुकीची आहे, आधी दुरुस्त करून द्या, मग नेतो, असा त्याचा निरोप होता.

मी त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या, पण मशीनकडे पाठ करून.

व्हाइस सुंदर होता. जबड्यांना कुठे टवका नाही, स्क्रू लोण्यासारखा फिरणारा. मी तो आमच्या मशीनवर चढवला, डायल लावलं, काटा शांत केला आणि वाकून बघितलं. रेघ शून्यावर नव्हती. जवळजवळ पाच अंश उजवीकडे होती.

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. थोडासा फरक असता तर समजण्यासारखं होतं. पाच अंश म्हणजे डोळ्यांना दिसणारा वाकडेपणा. आणि रेघ कारखान्यातली नव्हती, हाताने मारलेली होती. इतकी बारीक, इतकी एकसारखी खोल रेघ मी आजवर मारलेली नाही. असा हात असलेला माणूस पाच अंश चुकत नाही. त्याने ती तिथेच मारायची ठरवून मारली होती.

मी बाईंना विचारलं, यजमान काही वेगळ्या कामासाठी वापरत होते का. त्या म्हणाल्या, मला त्यातलं कळत नाही. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, जुनी पुसावीच लागेल का. मी म्हटलं, दोन रेघा ठेवल्या तर घेणारा कधीतरी चुकीची धरेल, पुसलेली बरी.

 रस्त्यावरून कुणीतरी पत्रे ओढत नेत होतं, तो आवाज संपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पुसा मग. एकदाची पुसा."

त्या गेल्यावर मी कानस घेतली. बराच वेळ घासावं लागलं. शेवटी बारीक दगड फिरवला, नख फिरवून बघितलं, नखाला काही लागलं नाही. मग शून्यासमोर नवी रेघ मारली. घेणारा माणूस गावाला गेला होता, म्हणून व्हाइस माझ्या बाकाखाली ठेवून दिला, वर फडकं टाकलं, आणि मी तो विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने खालून हाक मारली. त्याचा स्वतःचा व्हाइस, जो वडिलांच्या वेळेपासून त्या टेबलावर आहे, वाकडा कापत होता. मी म्हटलं, काल मी उतरवून परत चढवला, घट्ट करताना हलला असेल. डायल लावलं. जबडा सरळ केला. वाकून बघितलं, तर रेघ पाच अंश उजवीकडे.

या व्हाइसची रेघ मला माझ्या तळहातासारखी माहीत आहे. तिच्या खालच्या टोकाशी गंजाचा एक ठिपका आहे. ठिपका जागेवर होता, रेघ जागेवर होती, नवं काही कोरलेलं नव्हतं. फक्त सगळं पाच अंश बाजूला होतं.

दादाने मला विचारलं, काल तू नक्की कुठला व्हाइस घासलास. त्याला गंमत वाटत होती. मला नाही वाटली.

मी माझ्या पद्धतीने शोधायला लागले. आधी डायल गेजवर संशय घेतला. ग्राइंडिंगवाल्याचं गेज मागून आणलं, त्यानेही तेच दाखवलं. मग व्हाइसला टेबलाच्या खाचेत सरळ धरणाऱ्या बैठकीखालच्या चाव्या बघितल्या, टेबलाच्या खाचा साफ केल्या, मशीनची चाल तपासली. मशीन ठीक होतं. मग दुकानातलं फिरतं टेबल चढवलं, पाच अंश उजवीकडे. ड्रिलचं तिरपं टेबल बघितलं, तेही तेवढंच. गिऱ्हाइकांची दोन कामं तपासून, रेघा मारून, कागदात गुंडाळून ठेवली होती. ती उघडली. माझ्याच हाताच्या ताज्या रेघा, आणि त्याही तेवढ्याच, त्याच बाजूला.

ग्राइंडिंगवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, काटाताई, तुम्हाला सुट्टी पाहिजे. मग त्याने स्वतः वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. आम्ही दादाचा व्हाइस उचलून त्याच्या दुकानात नेला, त्याच्या मशीनवर लावला. तिथे रेघ बरोबर शून्यावर होती. परत आणला, इकडे पाच अंश. तो म्हणाला, जमीन खचली असेल. जमीन खचून असं होत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी आम्ही दोघांनी माना डोलावल्या. त्यानंतर तो आमच्या दुकानात आला नाही. काही लागलं तर दारातून हाक मारायचा.

दादा मात्र निवांत होता. तो म्हणाला, पाच अंश तर पाच अंश, आपल्याला माहीत आहे ना किती आहे, तेवढं धरून चालायचं. तो तसं काम करायला लागलाही. गिऱ्हाइकांना माल बरोबर मिळत होता. मीच एकटी दिवसातून दहा वेळा वाकून रेघा बघत होते.

माझ्या आधी वहिनीच्या लक्षात आलं. ती स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, यांच्या डोळ्यांना काही झालंय का बघा ना. चहाचा कप ठेवताना टेबलाच्या कडेला ठेवतात. बोलतात माझ्याशी, पण बघतात माझ्या खांद्यापलीकडे. मी म्हटलं, दमला असेल. मग जेवताना मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो आईला दुकानातली काहीतरी गंमत सांगत होता, हसत होता, आणि त्याची नजर आईच्या डाव्या हाताला, जिथे भिंत होती तिथे होती. आईने दोनदा तिकडे वळून बघितलं. काय आहे रे तिकडे, असं तिने विचारलं. तो म्हणाला, कुठे काय.

डॉक्टरांकडे नेलं. डोळे उत्तम होते. अक्षरं वाचली, रंग ओळखले, बोट हलवलं तिकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, ताण आहे का काही. परत येताना रस्त्यात तो माझ्या बाजूने चालत होता आणि माझ्याशी बोलत होता. पण मी त्याच्या डाव्या हाताला होते आणि तो बोलत होता ते माझ्या थोडं पुढे. तिथे कुणीतरी माझ्याच उंचीचं असावं, अशी त्याची मान होती.

घरी पोचल्यावर मी एक गोष्ट करून बघितली. ती करायला नको होती असं आता वाटतं. तो खिडकीशी उभा राहून मला उद्याच्या कामाचं सांगत होता. मी खोलीच्या या टोकाला होते. तो बघत होता माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे. मी काही न बोलता एक पाऊल सरकले आणि त्या जागेवर जाऊन उभी राहिले, म्हणजे आता तरी तो माझ्याकडे बघेल.

दोन माणसं बोलत असताना मधून कुणी गेलं की बोलणारा जसा क्षणभर थांबतो, तसा तो थांबला.

"जरा बाजूला हो ना," तो म्हणाला. "दिसत नाही."

मी झाले बाजूला. त्याने वाक्य पुरं केलं.

 दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंचा पत्ता काढला आणि त्यांच्याकडे गेले.

घर लहान होतं, दोन खोल्यांचं, स्वच्छ. बाईंनी मला ओळखलं आणि आत घेतलं. पहिल्यांदा काही वेगळं वाटलं नाही. पलंग भिंतीला लागून सरळ, त्याच्याशेजारी कपाट सरळ, टेबल, दोन खुर्च्या. मग मी खाली बघितलं. फरशीवर पलंगाच्या पायांचे जुने घासलेले डाग होते. पलंग वर्षानुवर्षं एका जागी राहिला की पडतात तसे. पण ते डाग पलंगाच्या पायांखाली नव्हते. ते भिंतीपासून तिरके जात होते. टेबलाचेही तसेच. कपाटाचेही. सगळ्यांचे डाग एकाच बाजूला कललेले. किती ते मला मोजावं लागलं नाही.

बाईंनी माझी नजर बघितली. त्या म्हणाल्या, आत्ताच सरळ केलं सगळं. आधी राहायचं नाही. ढकलून सरळ केलं तरी सकाळी पुन्हा तसंच. यांना विचारलं तर म्हणायचे, असू दे, सवय कर. मीही केली सवय. शेवटी शेवटी हे माझ्याशी बोलायचे तेही असं बाजूला बघून. मला वाटायचं वयामुळे दिसत नसेल. हे गेले तरी पलंग तसाच वळायचा. तुम्ही ती रेघ काढलीत त्या दिवसापासून वळायचा थांबला. इतक्या वर्षांनी मला झोप लागायला लागली, असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. त्यांचा हात गरम होता. माझा गार पडला होता.

मी विचारलं, ती रेघ त्यांनी का मारली होती.

बाईंनी माझा हात सोडला. मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्नानंतरची काही वर्षं त्यांच्याकडे त्यांची धाकटी जाऊ राहायची. तिला असं व्हायला लागलं होतं. ती बोलायची ती दुसरीकडे बघून, हात टाकायची तो दुसरीकडे. एकदा जिना उतरताना पायरी सोडून बाजूला पाय टाकला. वर कठड्याशी उभ्या असलेल्या बाईंनी ते बघितलं होतं. जाऊ पडली नव्हती. कुणीतरी हाताला धरून नेल्यासारखी ती त्या बाजूला गेली होती, जिकडे पायरी नव्हती. ती वाचली, पण पाय गेला. त्याच आठवड्यात यजमानांनी ही रेघ मारली. त्यानंतर जावेला पुन्हा काही झालं नाही. ती अजून आहे, दुसऱ्या गावी, नातवंडांत रमलेली.

"आणि यजमानांना?" मी विचारलं.

"हे सांभाळून राहायचे," बाई म्हणाल्या. "हे सरळ रस्त्याने चालले तरी मी यांचा हात धरायची. एवढंच."

मी निघाले. दारापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, तो व्हाइस आता इकडे आणू नका. विनवणी केल्यासारखं म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

दुकानात पोचले तेव्हा मशीन चालू होतं. दादा कटर लावून एक पट्टी कापत होता. माझी पाठ त्याच्याकडे होती, मी पिशवी ठेवत होते. मशीनचा आवाज जसा असतो तसाच होता. तरी मी वळले.

तो डाव्या हाताने ब्रश घेऊन लोखंडाचा कीस झाडत होता. नेहमीचं काम. कीस जबड्याच्या डाव्या अंगाला साठला होता. त्याचा हात मात्र उजवीकडे जात होता. सावकाश, अजिबात न घाबरता, कटर फिरत होता त्या बाजूला. आणि तो मान हलवत होता. कुणीतरी सांगतंय आणि तो ऐकतोय, तशी.

मी धावले आणि लाल बटण दाबलं.

कटर थांबायला वेळ लागतो. ब्रशचे केस त्याने खाल्ले. दादाच्या बाहीचं टोक धाग्याधाग्याने उसवलं. हात वाचला.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या बाजूला बघितलं आणि वैतागून म्हणाला, "आधी म्हणतेस हात इकडे घे, आणि मग मशीन बंद करतेस. काय चाललंय तुझं?"

मी म्हटलं, मी काही म्हटलं नाही.

"तूच तर म्हणालीस," तो म्हणाला. "आत्ता. इथे उभी राहून."

मी त्याला वर पाठवलं. वहिनीला सांगितलं, त्याला बसवून ठेव, खाली येऊ देऊ नकोस, काहीही म्हणाला तरी. तिने माझा चेहरा बघितला आणि त्याला हाताला धरून बसवलं.

मग बाकाखालचा व्हाइस काढला.

रेघ मारल्यावर यजमानांचं काय झालं ते मी बाईंना नीट विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर हात मागे घेतला असता का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. नसता घेतला. वर माझा भाऊ बसला होता, आणि त्याच्या हातांवर आमचं घर होतं, पण त्याहीपेक्षा ते त्याचे हात होते.

व्हाइस मशीनवर चढवला. डायल लावलं. काटा शांत केला. जुनी रेघ कुठे होती ते आठवावं लागलं नाही. दुकानातली प्रत्येक वस्तू तीच जागा दाखवत होती. मी माझी नवी रेघ घासून काढली. निळी शाई लावली. कोपर टेकवलं, रेघ मारायचा टोकदार स्क्रायबर घेतला.

दुपारचं ऊन शटरखालून आत आलं होतं. बोळात सगळी दुकानं चालू होती. तरी मला वाटत होतं की कुणीतरी शेजारी उभं राहून वाकून माझ्या हाताकडे बघतंय. त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. नुसतं लक्ष जाणवत होतं. आपण एखादं बारीक काम करत असताना आवडीने बघणारं माणूस असतं, तसं.

मी हात हलू दिला नाही.

रेघ मारली. एकदा, मग खोल करायला पुन्हा. शाई पुसली.

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रेघ होती.

दादाचा व्हाइस चढवला. शून्यावर. फिरतं टेबल, शून्यावर. ड्रिलचं टेबल, शून्यावर. मी कागदात गुंडाळलेली कामंही पुन्हा उघडली. सगळी शून्यावर. मग मी तिथेच जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने दादा जिन्यावरून खाली आला. वहिनी मागे होती, तिने त्याला अडवलं नव्हतं. ती रडत होती आणि हसत होती. दादाच्या हातात उसवलेली बाही होती. ती बघत तो म्हणाला, हे कशाने झालं. त्याला काही आठवत नव्हतं. पण त्याने मान वर केली तेव्हा वहिनीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि तो तिच्याकडे, बरोबर तिच्या डोळ्यांत बघत होता. तो लाजला. माझ्यासमोर काय हे, असं म्हणाला.

मी व्हाइस बाकाखाली ढकलला. घेणाऱ्याला निरोप पाठवला की तो दुरुस्त होण्यासारखा नाही. ग्राइंडिंगवाला दारातून डोकावला. मी म्हटलं, सापडलं, चावी झिजली होती. तो हसला आणि आत आला.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी वर गेले. दादा आणि वहिनी बाहेर फिरायला गेले होते. आई तिच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. खोलीत उजेड कमी होता, पण मला दिवा लावावासा वाटला नाही. मी दारापाशी स्टूलवर बसले आणि तिला सगळं सांगायला लागले. इतके दिवस तिच्यापासून लपवलं होतं. व्हाइस, बाई, फरशीवरचे डाग, दादाचा हात. आई ऐकत होती. मी थांबले की ती हळूच 'मग?' म्हणायची, लहानपणी शाळेतलं सांगताना म्हणायची तसं. मला बरं वाटत होतं. सांगता सांगता मला रडू आलं, आणि मी तिच्याकडे बघत तशीच बोलत राहिले.

तेवढ्यात माझ्या हनुवटीला हात लागला.

खरखरीत, ओळखीचा हात. आईचा. पण आई समोर पलंगावर बसलेली होती. ती उठली नव्हती.

हाताने माझा चेहरा हलकेच वळवला. थोडासाच.

आई माझ्यासमोर वाकून उभी होती. एवढा वेळ हाका मारून मारून तिचा चेहरा काळजीने उतरला होता.

"अगं, कुणाशी बोलतेस?" ती म्हणाली. "मी इकडे आहे."

मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे तिच्यावरून हलवायचे नाहीत, एवढं एकच मी मनाशी धरलं होतं.

आणि बाजूला, पलंगावरून, आईच्याच आवाजात कुणीतरी मायेने विचारलं,

"मग पुढे काय झालं?"